टाकीतल्या पांढऱ्या किड्यांची सुपारी कुणाला द्यावी?

पाणकणीस | १२ ऑक्टोबर, रात्री १:४०

मंडळी, झोप उडालीय, म्हणून या भलत्या वेळी धागा काढतेय.

हॉलमध्ये साठ लिटरची टाकी आहे, दीड वर्ष झालं. मासे नाहीत. गप्पी होते ते बहिणीला दिले आणि जूनमध्ये वीस लाल चेरी श्रिंप आणले. (सासूबाई त्यांना 'जवळा' म्हणतात आणि कालवणापुरता झाला का, असं विचारतात.) स्पंज फिल्टर, बारीक काळी रेती, भरपूर जावा मॉस, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी आणलेल्या उंच वनस्पतींच्या तीन जुड्या. सप्टेंबरात तीन माद्यांच्या पोटाखाली अंडी होती. पिल्लं झाली, तांदळाच्या कणीएवढी. मॉसवर बसलेली चाळीस तरी मी स्वतः मोजली होती. आज सहा आहेत.

आत्ता पाणी प्यायला उठले आणि सहज मोबाइलचा टॉर्च काचेवर मारला. पाच-सहा पांढुरके किडे काचेवरून सरकत होते. पाऊण सेंटिमीटर असतील, चपटे, वळवळ अजिबात नाही, तेलावरून घसरल्यासारखे जातात. डोकं बाणाच्या टोकासारखं. मग जिथे तिथे टॉर्च मारत सुटले. फिल्टरच्या नळीवर दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी चिकटलंय आणि त्याला वर चार-पाच हात आहेत. रेतीत केसासारखे बारीक किडे वळवळतायत. गोगलगायी चाळीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. मी एकही आणलेली नाही.

एक किडा चिमट्याने पकडायला गेले तर त्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही पडले रेतीत.

नवरा म्हणतो, टाकी उलटी कर आणि त्यात मनी प्लँट लाव. काय करू?

आगाऊ_बंडू | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

दोन तुकडे केलेत? अभिनंदन. रक्तबीजाचं नाव ऐकलंय ना?

रेतीवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

बंडू चेष्टा करतोय, पण म्हणतोय ते खरं आहे. बाणाच्या डोक्याचा, न वळवळता सरकणारा म्हणजे प्लॅनेरिया. चिमटा बंद करा. चिरडू नका, कापू नका, काचेवर ब्लेडने खरवडू नका. प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होतो.

भिंग असेल तर डोक्यावर दोन काळे ठिपके दिसतात का बघा. तेच त्याचे डोळे, आणि ते तिरळे दिसतात. डोकं गोल असेल आणि अंगाने दोन-तीन मिलिमीटरच असेल, तर ती दुसरी जात, निरुपद्रवी.

रेतीतले केसासारखे किडे गांडुळाचे भाऊबंद आहेत. कुजलेलं खातात. पाण्यात सुटले की नागमोडी पोहतात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते वर काचेवर यायला लागले, तर मात्र रेतीत घाण फार झालीय आणि प्राणवायू कमी पडतोय असं समजा. नळीवरचा हातवाला दोरा म्हणजे हायड्रा. मोठ्या श्रिंपला काही करत नाही, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला डंख मारून गिळू शकतो.

आता खरं सांगा, दिवसातून किती वेळा खायला घालता?

पाणकणीस | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

मी एकदाच. पण तुमच्या प्रश्नानंतर घरात चौकशी केली. अण्णा (सासरे) सकाळी चहाबरोबर चिमूटभर घालतात, दुपारी झोपून उठल्यावर चिमूटभर, आणि रात्री बातम्या संपल्या की 'बिचारे उपाशी झोपायला नकोत' म्हणून पुन्हा. अण्णांची चिमूट म्हणजे तंबाखूची चिमूट.

डोळे दिसले. तिरळेच आहेत. बघून हसू आलं, खोटं कशाला बोलू.

रेतीवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

चोर सापडला. किडे बाहेरून येतात वनस्पतींबरोबर, पण माजतात ते आपल्या हाताने. वीस श्रिंपना दोन दिवसांतून एकदा, दोन तासांत संपेल एवढंच घालायचं. बाकी वेळ ते शेवाळ आणि मॉसवरचं बारीकसारीक खाऊन मजेत असतात. अण्णांचा डबा लपवा.

बाई_जीवशास्त्र | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. तुमच्या टाकीत दहावीचा प्रजननाचा अख्खा धडा राहायला आलाय! प्लॅनेरिया म्हणजे पुनर्जनन, हायड्रा म्हणजे मुकुलायन. हायड्राला आपल्या पुस्तकात जलव्याल म्हणत. आकृती काढा आणि नावे द्या, चार गुण, आणि हमखास कुणीतरी त्याला आठ हात काढून ऑक्टोपस करून ठेवायचं.

थॉमस हंट मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅनेरिया कापून पाहिले, तेव्हा त्यांचा अंदाज निघाला की शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी उभा राहतो. याच मॉर्गनना पुढे १९३३ मध्ये नोबेल मिळालं, पण फळमाश्यांवरच्या कामासाठी. आणि हायड्रा तर पुण्यात मुद्दाम वाढवतात. आघारकर संशोधन संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय, 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' नावाचा वाणच आहे. तुम्ही ज्याच्यामुळे रात्री दीड वाजता जाग्या होतात, त्याला तिथे कोवळी आर्टेमिया (श्रिंपसारखेच इवलेसे जीव) भरवतात.

नळीवर टिचकी मारून बघा. हायड्रा असेल तर क्षणात आक्रसून गोळी होईल, आणि मग हळूहळू हात पुन्हा पसरेल.

पाणकणीस | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मारली टिचकी. झाली गोळी! मुलीने अकरा वेळा करून पाहिलं, शेवटी मीच थांबवलं. बाई, चार गुण तिला देऊन टाका.

राजेहो_नागपूर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

आमच्या इकडे काय राजेहो टाकी न ठेवताच किडे भेटतात. कूलरमधलं पाणी दोन आठवडे बदललं नाही तर तळाशी लालभडक अळ्या. मी त्या गाळणीत धरून माश्यांना टाकतो, फुकटचं टॉनिक.

रेतीवाला | १२ ऑक्टोबर, रात्री ११:००

त्या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या, रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल. दुकानात गोठवून विकतात त्याच. पण त्याच कूलरमध्ये डासांच्या अळ्याही असणार, तेव्हा मलेरियावाले येण्याआधी पाणी बदला.

गुहागरकर_नाना | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

पाणकणीसताई, गोगलगायींबद्दल कुणीच बोललं नाही. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे असं धरा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर ती फायसा. ती वनस्पतींच्या पानाखाली चिकट जेलीत अंडी घालते आणि एकटी आली तरी वंश वाढवते. चकलीसारखी चपटी वेटोळी असेल तर रॅम्सहॉर्न. निमुळती, रेतीत घुसून राहणारी असेल तर ट्रम्पेट, ती अंडी न घालता थेट पिल्लंच टाकते. तिन्ही शेवाळ खातात. चांगल्या वनस्पतींना सहसा हात लावत नाहीत, पिवळी पानं साफ करतात. रात्री काकडीची चकती दोऱ्याला बांधून सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला. आठवडाभर केलंत की अर्ध्या कमी होतील.

काचेवर अगदी बारीक, टोपी उलटी ठेवल्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती लिंपेट. तिचा आणि आमच्या तालुक्याचा जुना संबंध आहे. गिमवी गावात १९५२ मध्ये लोकांच्या लघवीतून रक्त जाण्याचं कारण शोधताना शिस्टोसोमाचा परजीवी सापडला. त्याला आसरा देणारी गोगलगाय म्हणजे फेरिसिया नावाची अशीच चिमुकली लिंपेट, नदीच्या डोहातली. आमच्या लहानपणी त्या डोहांत उतरायचं नाही, हा घरचा नियमच होता, कारण मात्र कुणी सांगितलं नाही.

घाबरू नका. टाकीत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या गोगलगायीत तो परजीवी असत नाही, त्याचं चक्र पूर्ण व्हायला रोगी माणूस लागतो. पण ओढ्यातली, भातखाचरातली गोगलगाय हौसेने घरी आणू नये. आणि पाणी बदलताना पाइप तोंडाने ओढत असाल तर ते आजपासून बंद.

पाणकणीस | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नाना, नवरा पाइप तोंडानेच ओढतो. दोनदा घोट गेलाय. तुमचा प्रतिसाद त्याला नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवला. हातपंप मागवलाय.

बारवकाठचा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

पाण्यात झटके देत उडणारे पांढरे ठिपके दिसतात का? ते सायक्लॉप्स. टाकीत काही करत नाहीत, उलट माश्यांच्या पिल्लांना खाऊ. पण आमच्या मराठवाड्यात जुन्या माणसांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी पिऊन नारू व्हायचा, तो याच सायक्लॉप्समधून पोटात जायचा. आजी घागरीच्या तोंडाला दुहेरी धोतराचं कापड बांधूनच पाणी भरायची. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजी त्याच्या आधीच गेली, पण घरात नळ आल्यावरही तिने कापड सोडलं नव्हतं.

आगाऊ_बंडू | १३ ऑक्टोबर, दुपारी २:००

टाकीवाल्यांचा धागा आहे की आरोग्य खात्याचा? ताई, किडे मेले का?

पाणकणीस | १३ ऑक्टोबर, रात्री ११:५०

नाही. उलट काल पाच होते, आज नऊ. औषध सांगा. घरात श्रिंप आहेत, हे लक्षात ठेवून सांगा.

रेतीवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

आधी सापळा. औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली घ्या, झाकणाला आणि बाजूला श्रिंप शिरणार नाही एवढी बारीक भोकं पाडा, आत कोळंबीचा किंवा चिकनचा कच्चा तुकडा. रात्री दिवे मालवल्यावर टाकीत आडवी ठेवा, पहाटे काढा आणि सगळं उकळत्या पाण्यात. चार रात्री सलग करा. निम्मे जातील, सगळे जाणार नाहीत.

मग औषध. तांबं असलेलं काहीही आणू नका, श्रिंप त्यानेच आधी मरतात. प्लॅनेरियावर बाहेर एक पावडर मिळते, ती सुपारीच्या अर्कापासून करतात. पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमीवर सुपारीतलं अॅरेकोलिन द्यायचे, तेच तत्त्व.

आगाऊ_बंडू | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

म्हणजे खरोखरच सुपारी द्यायची! श्रीवर्धनी रोठा चालेल की चिकणीच लागेल?

रेतीवाला | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

अडकित्ता खाली ठेव. घरची सुपारी कातरून टाकू नका. कुठल्या खांडात किती अर्क, कुणी मोजलाय?

सोपा मार्ग फेनबेंडाझोल. कुत्र्यांच्या जंतांची गोळी, प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. १५० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग साठ लिटरला पुरतो. गोळीत दुसरं कुठलं औषध मिसळलेलं नाही, हे पाकिटावर वाचून घ्या. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बारीक कुटून गरम पाण्याच्या बाटलीत खूप हलवा, गार झालं की ओता. दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदला आणि तोच डोस पुन्हा एकदा. प्लॅनेरिया आणि हायड्रा दोन्ही जातात. श्रिंपना सोसतं. गोगलगायींचं सांगता येत नाही, नेराइट असतील तर आधी बाहेर काढा, आणि त्या टाकीत पुढे कित्येक महिने आणू नका. मेलेले किडे कुजून पाणी बिघडवतात, म्हणून हवेचा पंप चालू ठेवा.

आणि एक विचारायचं राहिलं. शेपटीला तीन पिसं लावल्यासारखा, काडीएवढा, सहा पायांचा किडा दिसलाय का कुठे? पिल्लं चाळीसची सहा होणं हे एकट्या प्लॅनेरियाचं काम वाटत नाही.

पाणकणीस | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

नाही. तसला काही नाही दिसला. एवढं टॉर्च मारून झालंय, दिसला असता.

पाणकणीस | २२ ऑक्टोबर, रात्री १०:००

अहवाल. सापळ्यात पहिल्या रात्री तेवीस, दुसऱ्या रात्री सतरा, मग नऊ, मग चार. सकाळी बाटली उजेडात धरली तर तुकड्यावर सगळे एकमेकांना लगटून, पोटातून गुलाबी झालेले. मुलगी शाळेत सांगून आली की आमच्या घरी रोज सकाळी किडे उकळतात.

१८ ला गोळी दिली. तिसऱ्या दिवशी नळी स्वच्छ, काचेवर शून्य. काल दुसरा डोस. श्रिंप सगळे ठणठणीत, दोन माद्यांना पुन्हा अंडी. अण्णांनी डबा शोधून काढला होता, पण मी आत तीळ भरून ठेवले होते.

रेतीवाले, तुम्हाला आणि सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

पाणकणीस | ३० ऑक्टोबर, रात्री १२:२०

धन्यवाद परत घेते. २६ ला एका मादीची पिल्लं सुटली, पंचवीस तरी. आज अकरा. काचेवर एकही किडा नाही. पाणी तपासलं, अमोनिया शून्य. डोकं चालेनासं झालंय.

रेतीवाला | ३० ऑक्टोबर, सकाळी ९:००

माझा प्रश्न अजून तोच आहे.

पाणकणीस | १ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ऐका.

दिवाळीची साफसफाई चाललीय. अण्णा पडदे काढायला स्टुलावर चढले आणि म्हणाले, "अगं, ही टाचणी आत कशी आली? जाळ्या तर सगळ्या बंद आहेत." पडद्यावर एक बारीक, फिकट, काचेसारख्या पंखांची टाचणी बसली होती. चतुरासारखीच, पण पंख पाठीवर मिटलेले. मला वाटलं दारातून आली असेल. दहाव्या मजल्यावर?

मग टाकीपाशी गेले. फिल्टरची नळी पाण्याबाहेर चार बोटं येते, तिथे एक रिकामी कात चिकटली होती. तपकिरी, पोकळ, पाठीवर चिरलेली, सहाही पाय नळीला घट्ट धरून. शेपटीला तीन पिसं.

रेतीवाला | १ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

तीच ती. टाचणीची मादी वनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. गणपतीच्या आधीच्या त्या जुड्या! वरवर धुऊन ती निघत नाहीत, देठाच्या आतच असतात. अळी हिरवट, देठासारखीच दिसते आणि हलत नाही. खालचा ओठ बिजागरीसारखा दुमडलेला असतो, पिल्लू जवळ आलं की तो झटक्यात पुढे फेकते. फेनबेंडाझोलने तिला काही होत नाही.

एक निघाली म्हणजे एकच होती असं नाही. उंच वनस्पती एकेक उपटून पांढऱ्या ताटात पाण्याखाली झाडा.

गुहागरकर_नाना | १ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

पुढच्या वेळी नवीन वनस्पती तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, बादलीवर जाळी बांधा, आणि मगच टाकीत. तुरटीच्या पाण्यात किंवा फिक्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून गोगलगायी, त्यांची अंडी बरीचशी जातात, पण देठातलं अंडं त्याला दाद देईलच असं नाही. आणि उपटलेलं काही नाल्यात टाकू नका. उन्हात कुरकुरीत वाळवून कचऱ्यात.

पाणकणीस | १ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

फराळाची परात घेतली. (सासूबाईंना सांगू नका.) तीन जुड्यांतून तीन अळ्या. दोन लहान, एक बोटाच्या पेराएवढी. पहिल्यांदा हातात आली तेव्हा देठच वाटला, डोळे हलले म्हणून कळलं. या टाकीकडे मी गेले तीन आठवडे रोज रात्री टॉर्च घेऊन बघत होते.

मारायचा धीर होईना. अण्णा म्हणाले, "माझ्याकडे दे."

आगाऊ_बंडू | १ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

अण्णांच्या हातात पुन्हा खाणारं तोंड दिलंत?

पाणकणीस | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

लोणच्याच्या तीन बरण्या गॅलरीत, एकेकीत एकेक, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात म्हणे. प्रत्येकीत पाण्याबाहेर येणारी उदबत्तीची काडी. अण्णा सोसायटीच्या बागेतल्या कुंड्यांच्या ताटल्यांमधून डासांच्या अळ्या ड्रॉपरने गोळा करून आणतात आणि मोजून घालतात, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. वहीत लिहितात. सेक्रेटरी खूश आहेत.

मोठीने आज पहाटे कात टाकली. अण्णांनी सगळ्यांना उठवलं. पंख सुरकुतलेले होते ते तासाभरात ताणले गेले, मग त्यांनी जाळी सरकवली आणि ती समोरच्या गुलमोहराकडे गेली.

टाकीत दुसऱ्या मादीची पिल्लं सुटलीयत. मी वीस मोजली. अण्णा म्हणतात एकवीस, आणि खायला कधी घालायचं विचारतायत.